चेहरा घेऊन वेंगुर्ल्याला

लोक कोकणात कशाला जातात? मासे खायला, आंबे आणायला, समुद्रात डुंबायला, नाहीतर बॉसच्या फोनला रेंज मिळू नये म्हणून. मी गेले मॉइश्चरायझर शोधायला. हसू नका! एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात स्वारगेटहून रात्रीची गाडी पकडली, सॅकमध्ये दोन कुर्ते आणि एक टोपी कोंबली, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि निघाले. (पुण्यात ओढणी गुंडाळलेल्या मुलीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, ही या शहराची माझ्यावर मोठीच कृपा.)

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर त्याची गोष्ट दीड वर्ष मागे जाते.

मामेबहिणीचं लग्न होतं, डिसेंबरातलं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने एका ट्यूबचं नाव कानात सांगितलं. ‘आठ दिवसांत ग्लो येतो बघ.’ मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मी दिली नाही. आणि ग्लो आला की हो! लग्नाच्या अल्बममध्ये नवरीपेक्षा मी उजळ दिसतेय, असं मावशीने चारचौघांत जाहीर केलं. लग्न संपलं, ट्यूब संपली नाही. संपली तेव्हा दुसरी आणली. मग तिसरी. मे महिन्यात कंपनीच्या आउटिंगला लोणावळ्याला गेले आणि ट्यूब घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी आरशात जे दिसलं ते मी विसरणार नाही. गाल उकडलेल्या बीटासारखे लाल, वर बारीक पुरळ, आणि साधं पाणी मारलं तरी मिरची चोळल्यासारखी आग. सोमवारी सिक लीव्ह टाकली. मंगळवारीही टाकली. बुधवारच्या व्हिडिओ कॉलला ‘कॅमेरा खराब झालाय’ म्हणाले. तो पुढे चार महिने खराबच होता.

स्किनच्या डॉक्टर बाईंनी आधी ट्यूब मागितली. पाठीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली आणि टेबलावर ठेवत म्हणाल्या, “स्टेरॉइड आहे. कुणी दिलं?” मी गप्प. खरं तर अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले. पण नियम एकीकडे आणि आपलं ‘अहो ती पांढरी ट्यूब द्या ना’ एकीकडे. त्यांनी सांगितलं ते असं : स्टेरॉइडने आधी लाली दबते, रंग उजळल्यासारखा वाटतो, पण आतून कातडी पातळ होत जाते. सोडलं की सगळं दुपटीने उसळून येतं, मग माणूस घाबरून परत लावतो. सिगारेटसारखंच की हे! चेहऱ्याचं व्यसन. माझी ट्यूब त्यांनी त्यांच्या हिशोबाने सोडवली. त्या चार महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घरातले आरसे आईने टॉवेलने झाकले होते, एवढंच सांगते.

लाली गेली. राहिला तो कोरडेपणा. तोंड धुतलं की दोन मिनिटांत कातडी पापडासारखी ओढली जायची, हसलं की ओठांच्या कडेला चरचरायचं. डॉक्टर बाई म्हणाल्या, “कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी विटा, आणि मधे सिमेंट : सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अॅसिड. तुमचं सिमेंट झडलंय. फटीतून पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं.” मॉइश्चरायझर कातडीला पाणी पाजत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाहेर उडून जाणारं पाणी तो अडवतो. ग्लिसरीनसारखे घटक पाणी धरून ठेवतात, पेट्रोलियम जेलीसारखे घटक वरून झाकण लावतात. बाकी डबीवरची फुलं, फळं, मोती, सोनं ही सगळी सजावट. तिकडे दुर्लक्ष करा आणि बिनवासाचं, साधं काहीतरी लावा, असं त्यांनी बजावलं. नावही लिहून दिलं.

आता मला सांगा, मॉलमध्ये पाच ताऱ्यांसारखे दिवे लावलेलं दुकान असताना डॉक्टरांनी लिहून दिलेला बिनवासाचा पांढरा डबा कोण घेतं? मी नाही घेतला. मी आधी आईचं ग्लिसरीन-गुलाबपाणी केलं, गुलाबाने आग झाली. मग कोरफडीचा हिरवागार जेल, त्यात रंग आणि सेंट. मग ‘हायपोअलर्जेनिक’ लिहिलेलं एक लोशन. या शब्दाची अमेरिकेच्या एफडीएकडेसुद्धा ठरलेली व्याख्या नाही, म्हणजे ज्याला वाटेल त्याने छापावा, हे मला लोशन संपल्यावर समजलं. ‘अनसेंटेड’वरही फसले. त्याचा अर्थ वास येत नाही एवढाच. वास मारण्यासाठी दुसरा सेंट घातलेला असू शकतो. हवं असतं ते ‘फ्रेग्रन्स फ्री’.

एवढ्या मारानंतर मी डबीची मागची बाजू वाचायला शिकले. घटक प्रमाणाप्रमाणे उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात : जे जास्त ते आधी. एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी कसेही. म्हणजे पुढे मोठ्या अक्षरात ‘केशर’ आणि मागे यादीत केशर शेवटून दुसरं असेल, तर ते केशर नुसतं दर्शनाला आलंय!

अशीच एक काचेची, जड झाकणाची, परदेशी डबी हातात आली. ५० ग्रॅमचे १,८९५ रुपये. यादीत तिसऱ्या नंबरवर ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’. फारच भारदस्त वाटलं. घरी येऊन आईला वाचून दाखवलं, तिने मोबाइलवर नाव टाकलं आणि खो खो हसत सुटली. “अगं, हा तर रातांबा! आपलं आमसूल! वेंगुर्ल्याला असताना पायांच्या भेगांना याचंच तेल लावायची तुझी आज्जी. मुठेल म्हणायचो आम्ही. कुणी भिरंडेल म्हणतं.”

१,८९५ रुपये. रातांब्याच्या बीला. आणि वर त्या डबीत लव्हेंडरचं तेलही होतं, म्हणून दोन दिवसांत गाल परत लाल. मला राग आला तो डबीचा नाही, माझा. म्हटलं, चला, मूळ गावीच जाऊ. शुद्ध, घरचं, बिनसेंटचं. आईच्या ओळखीने वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका वाडीत खोली मिळाली, जेवणासकट. तीन दिवसांची रजा टाकली आणि स्वारगेट गाठलं.

पुण्याची हवा सगळ्यात कोरडी कधी असते? थंडीत नव्हे, मार्च-एप्रिलच्या दुपारी. त्यात हिंजवडीतला आमचा मजला : दिवसाचे नऊ-दहा तास एसी, आणि एसी हवा थंड करता करता तिच्यातलं पाणीही काढून घेतो. माझ्या टेबलावरचं तुळशीचं रोप तीन वेळा मेलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रात्रभर गाडीत मी तोंडाला ओढणी बांधून होते. कोल्हापूर गेलं, आजरा गेलं. पहाटे आंबोलीचा घाट उतरायला लागलो तेव्हा खिडकी किलकिली केली. धुकं नव्हतं, पाऊस तर नव्हताच. पण घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर हवा जड व्हायला लागली. ओल्या मातीचा नाही, पण पानांचा, शेवाळाचा असा काहीतरी वास. ओढणी खाली ओढली. आणि काय सांगू, सावंतवाडी येईपर्यंत चेहऱ्यावर काहीही न लावता तो ओढलेपणा सैल पडला होता. सकाळी उठल्यापासून पहिला विचार चेहऱ्याचा येण्याची सवय झालेल्या माणसाला विचारा, हे काय सुख असतं! मोती तलावाच्या काठावर चहा घेतला, मालवणी खाजा घेतला आणि कित्येक महिन्यांनी तोंड पूर्ण उघडून खाल्ला.

सावंतवाडीहून वेंगुर्ल्याची एसटी तासाभराची. वाडीत उतरले तर काकी फाटकाशीच उभ्या. माझ्याकडे एकदा नीट बघून त्यांनी विचारलं,

“तोंडाक काय झाला गो तुझ्या?”

पुण्यात दीड वर्षात हा प्रश्न मला इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. ऑफिसात लोक ‘फेशिअल केलंस का?’ विचारतात. मी सगळं सांगितलं. ट्यूबसकट. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरा. पेज खा आधी.”

अंगण म्हणजे लालच लाल. रातांब्यांचा मोसम ऐन भरात. एका बाजूला फोडलेल्या फळांच्या साली मीठ-रसात भिजवून चटईवर वाळत घातलेल्या, त्यांची आमसुलं होणार. माठात आगळ मुरत ठेवलेलं. दुसऱ्या बाजूला, राखाडी-तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या बिया पसरलेल्या. मी फोटो काढायला वाकले तर काकी म्हणाल्या, बघण्यासारखं तिकडे काही नाही, तिकडे कचरा आहे. तो ‘कचरा’ म्हणजे माझी १,८९५ रुपयांची डबी!

२०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. वेंगुर्ल्यातच कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, आणि ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातिस’ या कोकमाच्या जाती याच विद्यापीठाच्या. पण झाडं अजूनही बहुतेक परसात, बांधावर, आपोआप आलेली. काकींच्या घरामागचं झाड कुणी लावलं, हे त्यांच्या सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुपारी त्यांनी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या बियांचं तेल काढून दाखवलं. माझ्यासाठी मुद्दाम, कारण हल्ली घरी कुणी काढत नाही. बिया व्यापारी घेऊन जातो. टरफलं फोडून आतला गर काढायचा. तो उखळात कुटायचा. मग पाण्यात उकळत ठेवायचा, चुलीवर, मंद. तासाभराने वर तवंग येतो. भांडं तसंच गार होऊ द्यायचं, सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर पाण्यावर पांढरट-पिवळसर साय घट्ट बसलेली. ती उचलून, परत थोडी वितळवून, हाताच्या मुठीत दाबून गोळे केले. मूठ म्हणून मुठेल, असा माझा अंदाज. गोळा लाकडासारखा टणक. हे तेल साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणून कोकणातल्या भर उन्हाळ्यातही घट्ट राहतं. ओठांच्या बामवाल्यांना आणि क्रीमवाल्यांना ते यासाठीच हवं असतं.

वास? जवळजवळ नाहीच. थोडा चुलीच्या धुराचा.

मी गोळा हातात घेऊन अगदी भारावून गेले होते. म्हटलं, “काकी, तुम्ही चेहऱ्याला रोज हेच लावत असणार ना?”

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सोलकढीत साखर मागितली.

“ह्या? तोंडाक? ह्या पायाच्या भेगांक गो. पावसात चिखलात पाय फुटतत, तेंका. तोंडाक कोण लावता ह्या?” मग आत गेल्या आणि खिडकीतली एक प्लॅस्टिकची डबी घेऊन आल्या. “तोंडाक मी ह्या लावतंय.”

पेट्रोलियम जेली. वेंगुर्ल्याच्या मेडिकलमधली.

मी त्या पायरीवर बसून इतकी हसले की ओठ फुटायला हवे होते. फुटले नाहीत.

तरी आलेच होते, तर प्रयोग करायचाच होता. पण एवढं शहाणपण आता आलंय की नवीन काहीही थेट गालावर चोपडायचं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, रोज दोनदा, आठवडाभर. घरचं आहे, शुद्ध आहे म्हणून सूट नाही. बिब्बासुद्धा शुद्धच असतो! तीन दिवसांत आठवडा बसत नव्हता, म्हणून कोपराचं काम पुण्याला चालू ठेवायचं ठरवलं आणि टाचांना मात्र तिथेच लावलं. दिव्यावर गोळा जरा धरायचा, मऊ झाला की घासायचा. टाचांचं म्हणाल तर, आज्जी बरोबर होती.

उरलेल्या वेळात टुरिस्टगिरी केली. बाजारातली जुनी डच वखार पाहिली, सतराव्या शतकातली, पडझड झालेली. हे डच इथून काय काय न्यायचे याचा विचार करताना उगाच त्या काचेच्या डबीची आठवण झाली. संध्याकाळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेले. लांबच लांब वाळू, सुरूची झाडं, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. टोपी होती तरी उन्हाने नाक भाजलंच. पातळ झालेल्या कातडीला ऊन लगेच बाधतं, आणि मुठेल ऊन अडवत नाही. डॉक्टर बाईंनी सनस्क्रीन सांगितलं होतं, तेही पुण्यात राहिलं होतं. काकींनी काही लावायला दिलं नाही. गार पाण्याची ओली पट्टी ठेवली आणि ती काढल्यावर, तोंड ओलसर असतानाच, त्यांच्या डबीतलं नखाएवढं बोटांवर पसरवून नुसतं टेकवलं. चोळलं नाही. ओल्यावरच का, असं विचारलं तर म्हणाल्या, “सुक्यावर पसराक नाय.” डॉक्टर बाई हेच तर सांगत होत्या : तोंड धुतल्यावर दोन-तीन मिनिटांत, पाणी उडायच्या आत झाकण लावा. काकींचं कारण वेगळं होतं, काम तेच झालं.

परत निघताना चार गोळे, दोन बाटल्या आगळ आणि आमसुलांचा पुडा मिळाला. तेलाचे पैसे काकी घेईनात. शेवटी मी फळीवरच्या डब्याखाली ठेवून आले. घाट चढून आजऱ्याच्या पुढे आलो आणि कराडजवळ कुठेतरी, अर्धवट झोपेत, गालाची कातडी परत ओढली गेल्यासारखी वाटली. उठून बघितलं तर खिडकी बंद, एसी चालू. घाटाखाली मला बरं वाटलं होतं ते तेलाने नव्हेच, हवेने!

कोपर आठवडाभर शांत राहिलं. मग एका रविवारी, ऑफिस नसताना, मुठेल चेहऱ्याला लावून पाहिलं. हातावर वितळवून, ओल्या तोंडावर, सगळं शास्त्राने. आग नाही, लाली नाही. पण दहा मिनिटांत ते गालांवर मेणासारखं गोठलं. हसले तर तडे जातील असं वाटत होतं, आणि खालची कातडी तहानलेलीच. नुसतं झाकण, खाली पाणी धरून ठेवणारं काहीच नाही. ओठांना मात्र मस्त. रात्री झोपताना ओठांना आणि टाचांना, बस. चेहऱ्यावर काकींची पद्धत चालू ठेवली, पण डबी बदलून.

कारण सोमवारी ऑफिसातून परतताना मी ती डॉक्टर बाईंची जुनी चिठ्ठी पर्समधून काढली आणि तो पांढरा, बिनवासाचा, कंटाळवाणा डबा घेतला. ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, सेरामाइड. डब्यावर एकही फूल नाही. तोही आधी कोपरावर, मग जबड्याच्या कडेला, मग गालांवर. तोंड धुवायला फेस करणारा साबण सोडून दिला, कारण साबण अल्कलीचा आणि कातडी किंचित आम्लधर्मी. दोघांचं कधी जमलंच नव्हतं. ऑफिसात अॅडमिनला गळ घालून एसीच्या झोताखालची जागा बदलून घेतली. हे प्रकरण क्रीमपेक्षा अवघड होतं, तीन मेल लागले. पावसाळा लागेपर्यंत पापड पुष्कळ मऊ झाला होता. आता पुढचा मार्च काय करतो बघायचं. अजून कधी कधी ऊन लागलं की गाल तापतात, तिखट खाल्लं की लाल होतात. डॉक्टर बाई म्हणतात, वेळ लागेल.

पण व्हिडिओ कॉलचा कॅमेरा दुरुस्त झालाय.

जूनमध्ये काकींना त्या पांढऱ्या डब्याचाच एक मोठा डबा कुरिअर केला. तेलाचे पैसे त्यांनी आईच्या हातून परत पाठवले होते, म्हणून. चार दिवसांनी फोन आला. मागे धो धो पाऊस ऐकू येत होता.

“गो, तुझा क्रीम गावला.”

“लावलंत का? कसं वाटलं?”

“बरा आसा. पण तेका वासच नाय गो! पैसे दिलंस मा तू? मग वास खंय गेलो?”